खंड पडल्यानंतरचे नोड आणि गिट

माझी भाची सांगलीत राहते. पदविकेच्या शेवटच्या वर्षाला तिने नोड डॉट जेएस (जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणारे साधन) वापरून एक लहानसा प्रकल्प केला होता: पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीचे आकडे एका फाइलमध्ये नोंदवायचे आणि घरातल्या कोणालाही ते मोबाइलवर बघता यावेत. गावभागात घर असलेल्या मुलीला हा विषय का सुचला, हे सांगलीकरांना समजावण्याची गरज नाही. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पुढे घरच्या अडचणींमुळे तिच्या शिक्षणात दोन-अडीच वर्षांचा खंड पडला. तो काळ तिने मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिण्यात घालवला आणि पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाल्यावर जुना लॅपटॉप पुन्हा उघडला. "मामा, सगळं ओळखीचं दिसतंय, पण एकही गोष्ट धड आठवत नाहीये," असे तिने मला फोनवर सांगितले, आणि पुढचे काही रविवार आम्ही तो प्रकल्प पुन्हा उभा करण्यात घालवले.

खंडानंतर परतणारा विद्यार्थी सहसा आज्ञांची यादी पाठ करण्यापासून सुरुवात करतो, आणि माझ्या मते तिथेच चूक होते. आज्ञा विसरल्या तरी फारसे बिघडत नाही, कारण त्या कोणालाही विचारता येतात. जे हरवलेले असते ते वेगळेच असते. नोडमध्ये आणि गिटमध्ये (प्रकल्पाच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) वेळेचा हिशेब कसा मांडलेला आहे, याचे मनातले चित्र पुसट झालेले असते. नोडमध्ये प्रश्न 'नंतर'चा असतो, म्हणजे आत्ता सांगितलेले काम केव्हा पूर्ण होईल आणि तोवर काय करायचे. गिटमध्ये तो 'आधी'चा असतो, म्हणजे आजची अवस्था कोणत्या अवस्थेतून आली आणि तिथे परत कसे जायचे. ही दोन चित्रे स्पष्ट झाली की आज्ञा आपोआप हाताला येतात.

आधी नोड म्हणजे काय ते पाहू. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली, आणि तिचे पहिले रूप दहा दिवसांत उभे राहिले ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ती भाषा मुख्यतः ब्राउझरच्या कुंपणात वाढली: बटण दाबले की काय व्हावे, रिकामा रकाना राहिला तर लाल अक्षरांत काय दिसावे, अशी कामे तिच्याकडे होती, संगणकावरची फाइल उघडणे किंवा दुसऱ्या यंत्राची हाक ऐकत बसणे तिला शक्य नव्हते, कारण ब्राउझर सुरक्षेसाठी तसे करूच देत नाही. २००८ मध्ये गूगलने क्रोम ब्राउझरबरोबर व्ही-एट नावाचे, जावास्क्रिप्ट अतिशय वेगाने चालवणारे इंजिन खुले केले. रायन डाल या तरुणाने ते इंजिन ब्राउझरमधून बाहेर काढले, त्याला फाइली आणि नेटवर्क हाताळण्याची सोय जोडली, आणि २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत नोड जगापुढे मांडले. म्हणजे नोड ही नवी भाषा नाही. कुंपणाबाहेर आलेल्या जुन्याच भाषेला मिळालेले ते नवे घर आहे. भाचीच्या प्रकल्पात ब्राउझरमध्ये चालणारे जावास्क्रिप्ट आकडे दाखवत होते आणि नोडमध्ये चालणारे जावास्क्रिप्ट तेच आकडे फाइलमधून काढून देत होते. भाषा एकच असल्यामुळे नवशिक्याला कोणती ओळ कुठे चालते हेच कळेनासे होते. ब्राउझरच्या खिडकीला दिलेले 'विंडो' हे नाव नोडमध्ये अस्तित्वात नसते, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा गोंधळ टळतो.

आता मूळ मुद्दा. सर्व्हरचा, म्हणजे ब्राउझरच्या मागण्यांना उत्तर देणाऱ्या कार्यक्रमाचा (प्रोग्रॅमचा), बहुतांश वेळ काम करण्यात जात नाही, तो वाट पाहण्यात जातो. फाइल डिस्कवरून येण्याची वाट, डेटाबेसच्या उत्तराची वाट, ग्राहकाच्या मंद मोबाइल नेटवर्कची वाट. त्या काळी प्रचलित असलेल्या अनेक सर्व्हरांमध्ये येणाऱ्या प्रत्येक जोडणीसाठी एक स्वतंत्र थ्रेड (कामाचा वेगळा प्रवाह) किंवा प्रोसेस राखून ठेवलेली असे, आणि ती वाट पाहत असतानाही स्मृतीतली जागा अडवून बसे. नोडने उलटा मार्ग धरला: आपले जावास्क्रिप्ट चालवायला थ्रेड एकच, पण त्याने कशाचीही वाट पाहत उभे राहायचे नाही.

हे समजण्यासाठी पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणावी. गल्ल्यावर एकच माणूस बसलेला आहे आणि मागे चार चक्क्या आहेत. आपण गव्हाचा डबा देतो, तो वजन करतो, डब्यावर नावाची चिठ्ठी लावतो, डबा मागे सरकवतो आणि लगेच पुढच्या माणसाकडे वळतो. आपले दळण होईपर्यंत तो आपल्यापुढे हात बांधून उभा राहत नाही, आणि आपणही मंडईत जाऊन येतो. दळण झाले की डबा पुढे येतो आणि गल्ल्यावरचा माणूस हातातले गिऱ्हाईक संपवून आपल्या नावाने हाक मारतो. नोडमधला इव्हेंट लूप म्हणजे हा गल्ल्यावरचा माणूस. चिठ्ठीवर लिहिलेली सूचना, म्हणजे "दळण झाले की यांना हाक मारा", हा झाला कॉलबॅक. चार चक्क्यांचा आकडाही मी उगाच घेतलेला नाही: नोडच्या पोटात लिबयूव्ही नावाचे ग्रंथालय (तयार कोडचा संच) असते आणि फाइल वाचण्यासारख्या कामांसाठी त्यात मुळात चारच कामकरी थ्रेड ठेवलेले असतात, ते वाढवता येतात. नेटवर्कवरून येणाऱ्या माहितीला मात्र हे चार थ्रेड लागत नाहीत. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच "माल आला" अशी वर्दी देते. म्हणूनच एक थ्रेड असूनही नोड हजारो जोडण्या उघड्या ठेवू शकतो.

आता गल्ल्यावरच्या त्या माणसाने एखाद्या आजींचे गहू स्वतः निवडून द्यायला घेतले तर काय होईल? चक्क्या चालू राहतील, तयार डबे पुढे येऊन साचतील, पण कोणालाही हाक जाणार नाही आणि नवा डबाही घेतला जाणार नाही, कारण हाक मारणारा माणूस गव्हात मान घालून बसलेला आहे. नोडमध्ये लांबलचक गणित थेट मुख्य थ्रेडवर केले की नेमके हेच होते. पासवर्डचे हॅश (मूळ पासवर्ड उलगडू न देणारा ठसा) काढणे किंवा मोठी फाइल वाचणे अशा कामांची नोडमध्ये दोन-दोन रूपे मिळतात, आणि ज्याच्या नावाच्या शेवटी 'सिंक' असते ते रूप म्हणजे गल्ल्यावर बसून गहू निवडणे. कार्यक्रम सुरू होताना एकदाच वाचायच्या फाइलसाठी ते चालते. प्रत्येक विनंतीला तेच वापरले तर एका माणसाच्या कामापायी सगळी रांग तटते. आणि गणित खरोखरच जड असेल तर त्यासाठी वर्कर थ्रेडची वेगळी सोय आहे; चार चक्क्यांवर त्याचा भार टाकता येतो असा समज करून घेऊ नये, आपले जावास्क्रिप्ट त्या चक्क्यांवर चालत नाही.

भाचीचा पहिला रविवार ज्या चुकीत गेला ती इथूनच आलेली होती. तिच्या कार्यक्रमात तीन टप्पे होते: पडद्यावर 'सुरुवात' लिहायचे, पातळीची फाइल वाचायला सांगून वाचून झाल्यावर शेवटचा आकडा एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवायचा, आणि तिसऱ्या टप्प्यात तो आकडा ब्राउझरकडे पाठवायचा. पान रिकामे येत होते. तिने फाइल तपासली, फाइलचा पत्ता तपासला, आकडे पुन्हा टंकित केले. शेवटी मी तिला प्रत्येक टप्प्यावर एक शब्द छापायला सांगितले, तेव्हा पडद्यावर 'सुरुवात' उमटले, त्यामागोमाग 'पाठवले', आणि सर्वांत शेवटी 'वाचले, ३८ फूट ४ इंच'. ओळींचा क्रम एक-दोन-तीन होता आणि घडण्याचा क्रम एक-तीन-दोन. तिने डबा गिरणीत दिला आणि त्याच क्षणी रिकामी पिशवी घेऊन घरी आली, असा तो प्रकार होता. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली म्हणून त्याच घटकेला आयर्विन पुलाखाली पाणी चढत नाही, मधे वेळ जातो, हे ज्या मुलीला लहानपणापासून ठाऊक आहे तिला हा क्रम समजायला मग दोन मिनिटेही लागली नाहीत.

यावरचा पूर्वीचा उपाय म्हणजे पुढचे सगळे काम कॉलबॅकच्या आत लिहायचे. त्यातून आत, त्याच्याही आत अशी उतरंड तयार होते आणि चार पायऱ्यांनंतर कोणता कंस कोणाचा हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यावर प्रॉमिस आले. प्रॉमिस म्हणजे पीठ नव्हे, पिठाची पावती; ती ताबडतोब हातात मिळते आणि तिची अवस्था तीनपैकी एक असते: अजून प्रलंबित, पूर्ण, किंवा फेटाळलेली. त्यानंतर जावास्क्रिप्टच्या २०१७ च्या प्रमाण आवृत्तीत 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन शब्द आले. 'अवेट' लिहिले की त्या फंक्शनपुरते (कोडच्या त्या तुकड्यापुरते) पुढचे काम पावतीवर पीठ मिळेपर्यंत थांबते; गल्ल्यावरचा माणूस मात्र थांबत नाही, तो दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळलेला असतो. हा भेद फार महत्त्वाचा आहे. 'अवेट'मुळे सर्व्हर अडतो असे मानणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि 'अवेट' लिहायला विसरल्यामुळे पिठाऐवजी पावतीच गिऱ्हाइकाला देणारेही पाहिले आहेत; पडद्यावर आकड्याच्या जागी 'प्रॉमिस, पेंडिंग' असे काही दिसले तर तोच प्रकार समजावा. आणखी एक फसवी जागा म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकावर काम करणारे 'फॉर-ईच': त्याच्या आत 'अवेट' लिहिता येते, पण 'फॉर-ईच' स्वतः कोणाचीच वाट पाहत नाही आणि सरळ पुढे निघून जाते. साधा 'फॉर-ऑफ' लिहावा, किंवा सगळ्या पावत्या एकदम गोळा करून 'प्रॉमिस-ऑल'कडे सोपवाव्यात. फेटाळलेल्या पावतीचे काय करायचे हेही 'ट्राय' आणि 'कॅच' वापरून लिहून ठेवावे, कारण वाऱ्यावर सोडलेली फेटाळणी नोडच्या पंधराव्या आवृत्तीपासून सरळ कार्यक्रमच बंद पाडते.

मधल्या काळात बदललेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या फाइलमधले काम आणण्यासाठी पूर्वी 'रिक्वायर' लिहीत. ते अजूनही चालते, पण नव्या लेखनात 'इंपोर्ट' दिसते, आणि एकाच फाइलमध्ये दोन्हींची सरमिसळ केल्यास नोड कुरकुर करतो. दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती आणणारे 'फेच' २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून नोडमध्येच मिळते, त्यासाठी बाहेरचे पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) घ्यावे लागत नाही. फाइल बदलली की कार्यक्रम पुन्हा सुरू करण्याची 'वॉच' ही सोयही आता अंगभूत आहे. आवृत्ती निवडताना आजवर सम आकड्याच्या आवृत्त्यांनाच दीर्घकाळ आधार मिळत आला आहे, हे पाहून निवड करावी. पदविकेच्या वहीतली अर्धी पॅकेजे यामुळे अनावश्यक ठरली, आणि भाचीला त्याचा आनंद होण्याऐवजी थोडे वाईटच वाटले.

पॅकेजांचा विषय निघालाच आहे, तर तिचा जुना प्रकल्प नव्याने का चालला नाही ते सांगायला हवे. नोडबरोबर एनपीएम हे पॅकेजे उतरवणारे साधन येते. त्याच्या भांडारातून इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजे घेता येतात. आपल्याला कोणती हवीत ते 'पॅकेज डॉट जेसन' या फाइलमध्ये लिहिलेले असते, आणि आवृत्तीच्या आकड्यामागे बहुधा टोपीसारखे एक चिन्ह असते. त्या टोपीचा अर्थ असा की पहिला आकडा तोच ठेवून त्यापुढची कोणतीही नवी आवृत्ती चालेल. म्हणजे दोन वर्षांनी तीच यादी घेऊन बाजारात गेले तर पिशवीत येणारा माल तोच असेल याची खात्री नाही. खात्री देणारी फाइल म्हणजे 'पॅकेज-लॉक'. तिच्यात त्या दिवशी नेमकी कोणती आवृत्ती आली, तिने स्वतःसाठी आणखी कोणती पॅकेजे ओढून आणली, हे सारे नोंदलेले असते. 'एनपीएम सीआय' ही आज्ञा त्या नोंदीबरहुकूम माल उतरवते. भाचीने पेन ड्राइव्हवर प्रकल्प ठेवताना ही लॉक फाइल "कामाची नाही, नुसते आकडे आहेत" म्हणून काढून टाकली होती, आणि हजारो फाइलींचे 'नोड-मॉड्यूल्स' हे फोल्डर मात्र निष्ठेने जपले होते. व्हायला हवे होते नेमके उलटे: ते फोल्डर केव्हाही पुन्हा तयार होते.

दुसऱ्यांच्या मालावर किती विसंबावे, याविषयी मार्च २०१६ मधली एक घटना सांगण्यासारखी आहे. शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरून त्याची लांबी सारखी करणारे 'लेफ्ट-पॅड' नावाचे ११ ओळींचे एक पॅकेज त्याच्या लेखकाने वादातून भांडारातून काढून घेतले, आणि त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेले जगभरातले प्रकल्प एकदम उभे राहीनासे झाले. काही तासांत ते परत ठेवले गेले आणि पॅकेज मागे घेण्याचे नियमही नंतर कडक झाले. अकरा ओळी आपल्या आपण लिहिता येतात, एवढे तरी नवशिक्याने ध्यानात ठेवावे.

आता गिट. भाचीच्या लॅपटॉपवर 'प्रकल्प', 'प्रकल्प-फायनल', 'प्रकल्प-फायनल-२' आणि 'प्रकल्प-हेच-घ्या' अशी चार फोल्डरे होती. यांतले शेवटचे कोणते, हे नावावरून ठरत नव्हते आणि तारखांवरूनही नाही, कारण पेन ड्राइव्हवरून उतरवताना तारखा बदललेल्या होत्या. ही चार फोल्डरे म्हणजे हाताने चालवलेली आवृत्ती-व्यवस्थाच होती. तिच्यात प्रत येते. पण कोणत्या प्रतीतून कोणती प्रत निघाली आणि मधे काय व का बदलले, हा धागा राहत नाही. गिट तो धागा राखतो.

गिटचा जन्मही अडचणीतूनच झाला. लिनक्सचे काम ज्या बिटकीपर नावाच्या खासगी साधनावर चालत होते त्याचा मोफत परवाना २००५ मध्ये काढून घेण्यात आला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात स्वतःच नवे साधन लिहायला घेतले आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच सांभाळला जाऊ लागला. त्याच वर्षी त्यांनी जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली.

गिटमधला मूळ घटक म्हणजे कमिट. कमिट म्हणजे 'काय बदलले' याची नोंद, असा सर्वसाधारण समज असतो. खरे पाहता कमिट म्हणजे त्या क्षणी संपूर्ण प्रकल्प कसा होता याचे छायाचित्र. न बदललेल्या फाइलींची नवी प्रत केली जात नाही, आधीच्याच प्रतीकडे बोट दाखवले जाते, म्हणून जागा फुकट जात नाही. छायाचित्राबरोबर लेखकाचे नाव, वेळ, संदेश आणि आपल्या आधीचा कमिट कोणता याची नोंद असते. या सगळ्या मजकुरावरून ४० अक्षरांचा एक ठसा काढला जातो आणि तोच त्या कमिटचा पत्ता होतो. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा बदलतो. आणि प्रत्येक कमिटच्या पोटात आधीच्याचा ठसा असल्यामुळे जुन्या कमिटला हात लावला की त्यानंतरच्या सगळ्यांचे ठसे बदलतात. अडत दुकानात तिने जे रोजकीर्दीचे लिखाण केले, त्यात कालची शिल्लक आजच्या पानावर सुरुवातीला येते. मागच्या पानावरचा आकडा गुपचूप खोडला तर पुढचे प्रत्येक पान बोंबलते. हे मी बोलायच्या आधी तिनेच मला सांगितले.

कमिट करण्यापूर्वी मधे एक पायरी असते आणि तिच्याविषयी विद्यार्थ्यांची तक्रार असते. फाइल बदलली, मग 'गिट ॲड', मग 'गिट कमिट'. सरळ कमिट का नाही? कारण आपण एका बैठकीत सहसा दोन-तीन वेगवेगळी कामे करतो. भाचीने एका दुपारी फुटांचे मीटर करण्यातली चूक दुरुस्त केली आणि पानाचा रंगही बदलला. दोन्ही एकाच कमिटमध्ये गेले असते, तर पुढे रंग नको म्हणून मागे घेताना दुरुस्तीही गेली असती. 'ॲड' म्हणजे फोटोसाठी कोणी उभे राहायचे ते ठरवणे, आणि 'कमिट' म्हणजे कळ दाबणे. काहीही सुचेनासे झाले तर 'गिट स्टेटस' लिहावे. परतणाऱ्या विद्यार्थ्याला मी एकच आज्ञा पाठ करायला सांगेन तर ही, कारण कोणती फाइल कोणत्या पायरीवर आहे आणि पुढे काय करता येईल ते ती स्वतःच सांगते.

ब्रँच या शब्दाची भीती मात्र अनाठायी आहे. ब्रँच म्हणजे प्रकल्पाची दुसरी प्रत नव्हे. एखाद्या कमिटला दिलेले, पुढे सरकणारे नाव म्हणजे ब्रँच. आम्ही प्रकल्पातले 'डॉट गिट' हे लपलेले फोल्डर उघडले, त्यातली नुकत्याच केलेल्या ब्रँचच्या नावाची फाइल नोटपॅडमध्ये पाहिली, आणि आत एकच ओळ निघाली: ४० अक्षरांचा एक ठसा. ओळ संपल्याची खूण धरून ४१ बाइट. एवढीशी वस्तू करायला आणि मोडायला कसली भीती? आपण सध्या कोणत्या ब्रँचवर आहोत, ते 'हेड' नावाच्या दुसऱ्या एका ओळीच्या फाइलमध्ये लिहिलेले असते.

ब्रँचचे फुटणे आणि मिळणे सातारा-सांगलीच्या माणसाला नकाशावरच दाखवता येते. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा आणि कोयना एकाच जागेहून निघतात, डोंगरांच्या दोन अंगांनी वेगवेगळ्या वाहतात, वाटेत आपापले ओढे घेतात आणि कराडला प्रीतिसंगमावर एकमेकींना भेटतात. वेण्णा त्याआधीच साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळते. सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला जाते, ती कृष्णेकडे कधीच परत येत नाही. प्रयोगासाठी काढलेल्या आणि मूळ कामात कधीच न मिळवलेल्या ब्रँचही अशाच असतात, त्यात वाईट काही नाही. गिटमध्ये संगमाला मर्ज म्हणतात, आणि असा मर्ज कमिट इतरांपेक्षा एवढ्याच बाबतीत वेगळा असतो की त्याला आधीचे कमिट दोन असतात. मर्ज करताना गिट दोन्ही टोके पाहतोच, शिवाय दोन्हींचा समाईक उगमही शोधतो, आणि उगमापासून कोणत्या बाजूने काय बदलले ते ताडून पाहतो. एकाच बाजूने बदल केला असेल तर तो मुकाट्याने घेतो. दोन्ही बाजूंनी तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल तर मात्र तो थांबतो आणि दोन्ही रूपे फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवतो. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. भाचीच्या वर्गमित्राने धोक्याची पातळी ४५ ऐवजी '४५.०' अशी लिहिली होती आणि तिने त्याच ओळीत 'फूट' हा शब्द जोडला होता. गिटने भांडण लावलेले नव्हते, आपल्याला ठरवता येत नाही एवढेच प्रामाणिकपणे सांगितले होते. खुणांच्या ओळी काढायच्या, हवे ते ठेवायचे, 'ॲड' आणि 'कमिट' करायचे, संपले.

जुन्या वहीत 'चेकआउट' ही एकच आज्ञा ब्रँच बदलायलाही होती आणि फाइल पूर्ववत करायलाही, त्यामुळे हमखास घोळ होई. २०१९ पासून ही कामे 'स्विच' आणि 'रिस्टोर' अशा दोन आज्ञांत विभागली आहेत. चेकआउट गेलेले नाही, पण नव्याने शिकणाऱ्याने वेगळ्या आज्ञाच वापराव्यात. गिट आणि गिटहब एक नव्हेत, हेही सांगून टाकतो: गिट आपल्या यंत्रावर चालतो, इंटरनेट नसतानाही; गिटहब हे २००८ मध्ये सुरू झालेले, रेपो (इतिहासासकट अख्खा प्रकल्प) ठेवण्याचे इंटरनेटवरचे ठिकाण आहे. तिथे पुश करताना, म्हणजे आपले कमिट पाठवताना, भाचीचा पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात होता, कारण ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने या कामासाठी पासवर्ड बंद केला आहे. टोकन (पासवर्डऐवजी वापरायची लांब सांकेतिक ओळ) किंवा एसएसएच किल्ली (ओळख पटवणारी आपल्या यंत्रावरची फाइल) लागते. तिच्या जुन्या रेपोतल्या मुख्य ब्रँचचे नाव 'मास्टर' होते आणि वर्गमित्राच्या रेपोत 'मेन', कारण गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नव्या रेपोंच्या मुख्य ब्रँचसाठी 'मेन' हे नाव धरले. नावाखेरीज दोन्हींत काहीही फरक नाही.

पुश करण्याआधी 'डॉट गिटइग्नोर' ही, गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचे ते सांगणारी फाइल लिहावी आणि तिच्यात 'नोड-मॉड्यूल्स' व 'डॉट ईएनव्ही' ही नावे घालावीत. दुसऱ्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड वगैरे गुप्त गोष्टी असतात. मी स्वतः एकदा ती फाइल सार्वजनिक रेपोत ढकलली होती, लक्षात आल्यावर पुढच्या कमिटमध्ये काढली आणि निर्धास्त झोपलो. मागच्या छायाचित्रात ती तशीच होती, हे दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने दाखवले. अशा वेळी फाइल पुसण्याच्या खटपटीआधी पासवर्ड बदलावा, कारण तो गेलेला आहे असेच धरून चालायला हवे.

चौथ्या रविवारी संध्याकाळी भाचीचा घाबऱ्या आवाजात फोन आला. कुठेतरी वाचून तिने 'गिट रीसेट' ही आज्ञा 'हार्ड' या पर्यायासह चालवली होती, ब्रँच तीन कमिट मागे गेली होती आणि 'गिट लॉग'मध्ये, म्हणजे कमिटच्या यादीत, त्या तिघांचा मागमूस नव्हता. "मामा, पुसलंच सगळं!" मी तिला 'गिट रिफ्लॉग' लिहायला सांगितले. ब्रँच हे नुसते नाव. ते मागे सरकले म्हणून कमिट नाहीसे होत नाहीत, आणि 'हेड' कुठून कुठे हलले याची रोजनिशी गिट आपल्या यंत्रावर ठेवत असतो. जे कमिट कोणत्याही ब्रँचवरून गाठता येत नाहीत त्यांच्या नोंदीही सहसा ३० दिवस तरी टिकतात. यादीत रीसेटच्या आधीचा ठसा दिसला, त्याची पहिली सात अक्षरे देऊन तिने त्या जागी नवी ब्रँच काढली आणि तिन्ही कमिट जसेच्या तसे परत आले. रीसेटच्या वेळी फाइलमध्ये लिहिलेल्या, पण 'ॲड'ही न केलेल्या ओळींचे छायाचित्र गिटकडे नव्हतेच. पातळी ४० फुटांवर गेली की पानाचा रंग बदलणाऱ्या त्या सात ओळी तिला पुन्हा लिहाव्या लागल्या.